कॅप्टन आर्दायाची सत्तावीस मिनिटं

१

लोमा सेकाहून गोमांसाचे चाळीस फरे उडाले आणि ला पाझला सव्वीस उतरले. मधल्या चौदा फऱ्यांचं काय झालं, ते कुणालाच सांगता येईना. खाली जंगल, वर ढग आणि मध्ये एकच विमान.

बासष्ट सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. त्या काळी लोमा सेकाला रस्ता नव्हता. पावसाळाभर गावाला पाण्याचा वेढा असायचा आणि निम्म्या धावपट्टीवर बदकं पोहायची; उरलेल्या निम्म्यावरून हलकं टपाल घेऊन तेवढं विमान उडायचं. पाणी ओसरून पट्टी वाळली, की गावाला जाग यायची. मग पहाटे बैल कापायचे, एकेकाचे चार फरे करायचे, ते विमानात रचायचे आणि डोंगरापलीकडे, चार हजार मीटर उंचीवरच्या ला पाझला धाडायचे. तिथल्या थंडीत लोकांना गोमांसाची भूक फार. वर्षातल्या पहिल्या मांसाच्या विमानाला निरोप द्यायला सगळं गाव पट्टीच्या कडेला उभं राहायचं, गरम कुन्यापे खात खात. चीजचे ते पाव तेव्हा जसे लागायचे तसे पुन्हा कधी लागले नाहीत.

त्या शनिवारीही गाव जमलं होतं. बरोबर सात वाजता कॅप्टन लुसिओ आर्दायाचं विमान पट्टीवरून धावत सुटलं, आणि त्याची चाकं सुटली ती अगदी शेवटच्या आंब्यापाशी. "आणखी एक फरा भरला असता तर कॅप्टन आंबे घेऊनच गेला असता," असं बायका म्हणाल्या. रेडिओच्या खोलीत डोन्या देल्मिरा एग्वेसनं वहीत वेळ लिहिली. बावीस वर्षं ती हेच करत होती. पत्र्याची खोली, एक टेबल, एक रेडिओ, शाळेच्या वह्यांची चळत. नवरा वारला त्याच वर्षी तिनं ही नोकरी धरली होती.

आठ एक्केचाळीसला विमान ला पाझला उतरलं. दहा वाजता तिथून डॉन फाउस्तो चाकोनचा आवाज आला. उतरलेला माल ताब्यात घेणं हे त्याचं काम.

"डोन्या देल्मिरा, सव्वीसच फरे आलेत."

त्याच्या मागे कुणीतरी कर्णा वाजवायचा सराव करत होतं, म्हणून तिनं त्याला पुन्हा बोलायला लावलं. पुन्हाही आकडा तोच आला.

सोमवारी सकाळी इंजिनिअर गॉन्सालो प्रुदेन्सिओ रेडिओच्या खोलीत आला तेव्हा त्याच्या हातात पितळी पट्टी होती आणि चेहऱ्यावर उत्तर सापडल्याचा आनंद. वय अठ्ठावीस, ला पाझचा, मालकांनी ऐन पावसाळ्यात कारभार बघायला पाठवलेला. आल्या आल्या त्यानं भिंतीवर तक्ता लावला होता: कुठून कुठे, किती अंतर, किती वेळ. गावाला तो तक्ता फार आवडायचा. कुठेही जायचं नसलं तरी लोक येऊन वाचत उभे राहत.

"कॅप्टनला बोलवा," तो म्हणाला. "चोर सापडला."

२

कॅप्टन आर्दाया सत्तावन्न वर्षांचा, बुटका, पोट सुटलेला. टोपी काढून दारातच उभा राहिला.

"लोमा सेका ते ला पाझ," इंजिनिअरनं नकाशावर पट्टी ठेवली. "सरळ रेषेत तीनशे वीस किलोमीटर. तुमच्या विमानाचा वेग ताशी दोनशे साठ. भागाकार करा. एक तास चौदा मिनिटं. पावसाळ्यात टपाल घेऊन तुम्ही अकरा वेळा गेलात. अकराही वेळा चौदा, फार तर पंधरा. शनिवारी एक तास एक्केचाळीस लागले. सत्तावीस मिनिटं कुठे होता?"

"वळसे घेत होतो."

"कसले वळसे?"

"साहेब, टपालाचं विमान हलकं असतं, जाता जाताच चढतं. भरलेलं विमान म्हणजे पोटभर जेवलेला माणूस. जिना एका दमात चढत नाही. डोंगराच्या पायथ्याशी गोल गोल फिरत उंची घ्यावी लागते. खिंड खाली गेली की मग पलीकडे."

"इथलं शेंबडं पोरही हे सांगेल तुम्हाला," देल्मिरा म्हणाली. "गेल्या वर्षीची वही बघा. मांसाचं भरलेलं विमान दर वेळी शंभर मिनिटांच्या आसपास."

"म्हणजे गेल्या वर्षीही चोरी होत होती," इंजिनिअर म्हणाला. पण तो मूर्ख नव्हता. खुर्ची ओढून बसला आणि कॅप्टनला विचारू लागला. "एक वळसा किती वेळाचा?"

"दोन मिनिटांचा."

"पूर्ण भरलेल्या विमानाला किती लागतात?"

"बारा, तेरा, कधी चौदा."

"आणि सव्वीसच फरे असले तर?"

"सहा पुरतात."

"शनिवारी किती घेतले?"

"मोजत नाही मी. माझी नजर डोंगरावर असते."

इंजिनिअरनं कागदावर दोन आकडे लिहून फिरवून त्याच्यापुढे धरले. "वाटेत सांता क्लारा रँच आहे. तिथं पट्टी आहे. रँचचा मालक तुमच्याबरोबर पत्ते खेळतो. उतरणं, चौदा फरे टाकणं, पुन्हा उडणं, पंधरा मिनिटं. मग हलक्या विमानाचे सहा वळसे, बारा मिनिटं. पंधरा आणि बारा किती?"

खरं बोलता बोलता आपणच आपल्याला बांधून घेतलंय, हे कॅप्टनच्या ध्यानात आलं होतं.

"चार वाजता दुसरं विमान येईल, नवा वैमानिक घेऊन," इंजिनिअर म्हणाला. "त्यातून तुम्ही ला पाझला जाल. पोलीस उभे असतील. परवाना तर आजच जमा करा."

कॅप्टननं खिशातून परवाना काढला. कातडी पाकिटात ठेवून ठेवून त्याच्या कडा मऊ झाल्या होत्या. टेबलावर ठेवताना त्यानं तो तळव्यानं एकदा सरळ केला. देल्मिरानं मान वळवली. बावीस वर्षं हा माणूस तिला रोज दिसायचा तो जमिनीवर, जरा ओशाळलेला, कुठे उभं राहावं ते न कळणारा. पण रेडिओवर त्याचा आवाज आला की वाटायचं, हा आता आपल्या घरी पोचला.

"तुम्हीच तर रेडिओ बंद केलात," ती इंजिनिअरला म्हणाली. "पूर्वी वळसे घेताना कॅप्टन सांगायचे, आता इथं आहे, आता एवढ्या उंचीवर आहे. तुम्ही आलात आणि नियम काढलात, बॅटरी वाचवा, उडाल्यावर एकदा बोला, खिंड ओलांडल्यावर एकदा. मधलं ऐकलं असतं तर मीच साक्षीला उभी राहिले असते."

"साक्षीदार आणा, मी ऐकेन," तो म्हणाला. "चारपर्यंत."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते.

३

असेन्सिओ मुइबा हमालांचा मुकादम. तो मांडवाखाली मासाको खात बसला होता, कुटलेल्या केळ्यांत वाळवलेलं मांस.

"माझी पाळी कधी येते त्याचीच वाट बघत होतो," देल्मिराला बघून तो म्हणाला. "विचारा. सव्वीस भरले आणि चाळीस सांगितले, असंच ना?"

"तसं असतं तर मी एवढ्या उन्हातून आले नसते. सव्वीस फऱ्यांचं विमान पट्टीच्या मध्यावरच्या चिंचेपाशीच उडतं. शनिवारी ते शेवटच्या आंब्यापर्यंत गेलं, हे अख्ख्या गावानं पाहिलंय. तू चाळीस भरलेस, असेन्सिओ. त्यात मला शंका नाही."

मुकादमानं बसायला स्टूल पुढे केलं. "मग राहिले दोघे. कॅप्टन नाहीतर तो ला पाझचा फाउस्तो."

"डोंगराआधी माल गेला तर कॅप्टन. डोंगरानंतर गेला तर फाउस्तो. खिंडीपुढे दहा मिनिटांत ला पाझ, मध्ये उतरायला जागा नाही. म्हणजे डोंगर चढताना विमान जड होतं का हलकं, एवढंच कळायला हवं. तेरा-चौदा वळसे का सहा. पण आकाशातले वळसे कोण मोजतं?"

असेन्सिओनं खाणं थांबवलं. "एल पालमार मोजतं की."

"काय?"

"माझी बहीण दिलीय तिथं. बरोबर त्या वळशांच्या खालचं गाव. मोसमात दर शनिवारी विमान यायच्या आधी प्रत्येक घर एक आकडा सांगतं. संत्री गोळा होतात. विमान फिरायला लागलं की चौघं जण भोपळ्याच्या वाटीत मक्याचे दाणे टाकत मोजतात. ज्याचा आकडा बरोबर त्याला एक कोंबडी."

"बावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही हे."

"तुम्ही रेडिओवाल्या, डोन्या देल्मिरा. तुम्हाला सांगितलं की ते सगळ्या देशाला कळतं. बिशपांनी पैजा बंद करायचा हुकूम काढलाय. आणि ही पैज कोण चालवतं, माहीत आहे?"

"कोण?"

"मठ."

४

एल पालमारच्या मठाचा रेडिओ दिवसातून एकदाच, बारा वाजता सुरू व्हायचा. औषधं, हवामान, कुणाचं बाळंतपण, एवढंच बोलणं. मठाच्या प्रमुख माद्रे बेनिग्ना बोलायच्या. वय सत्तरच्या पुढचं, आवाज घंटेसारखा. आणि त्या बोलायच्या तेव्हा बिशपांच्या वाड्यातला कारकूनही ऐकत बसलेला असायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

देल्मिराच्या एका बाजूला इंजिनिअर बसला होता, दुसऱ्या बाजूला टोपी हातात धरून कॅप्टन.

"माद्रे, शनिवारी सकाळी आमचं विमान तुमच्यावरून गेलं. किती वळसे घेतले त्यानं? ओव्हर."

"कुठलं विमान, पोरी? ओव्हर."

"माद्रे, वर्षातलं पहिलं मांसाचं विमान. आवाजानं तुमची कौलं थरथरतात म्हणून तुम्हीच तक्रार केली होती. ओव्हर."

"आम्ही त्या वेळी प्रार्थनेत असतो. प्रार्थनेत माणूस वर बघतो, पण विमानाकडे नाही. ओव्हर."

इंजिनिअरनं ओठ मुडपले. देल्मिरानं मायक्रोफोन दोन्ही हातांत धरला.

"माद्रे, कॅप्टन आर्दाया इथं माझ्या शेजारी बसलेत. गेल्या वर्षी तापाची औषधं तुमच्या अंगणात ज्यांनी वरून टाकली, तेच. त्यांच्यावर चोरीचा आळ आलाय. चार वाजता त्यांना नेणार आहेत. त्यांचे वळसे कुणी मोजले असतील तर ते पुन्हा उडतील. नाहीतर नाही. एवढंच. ओव्हर."

रेडिओत नुसती खरखर राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. कॅप्टन उठला आणि टोपी घालू लागला.

"बसा हो," देल्मिरा म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला जिना चढायला वेळ लागतो."

"कुठला जिना?"

"वही माडीवर असेल."

बारा वाजून अकरा मिनिटांनी घंटेसारखा आवाज परत आला.

"लिहून घे, पोरी. आणि बिशपांच्या वाड्यातला जो कोणी ऐकतोय त्यानंही लिहून घे, मी सावकाश सांगते. ही पैज मी चालवते. संत्री शाळेतल्या मुलांना जातात आणि कोंबडी मठाची असते. शनिवारी तेरा. ओव्हर."

"तेरा नक्की? ओव्हर."

"चार वाट्यांत तेरा-तेरा दाणे. गुरुजी, सुतार, सुताराची बायको आणि सिस्टर पेत्रोना. सुतार आणि त्याच्या बायकोचं एरवी कशावरच एकमत होत नाही. ओव्हर."

इंजिनिअर पुढे झुकला. "त्यांना विचारा, कोंबडी कुणी जिंकली? तो माणूसही साक्षीला लागेल."

देल्मिरानं विचारलं. पुन्हा जराशी खरखर झाली.

"मी," माद्रे बेनिग्ना म्हणाल्या. "रविवारी रस्सा केला. ओव्हर."

५

इंजिनिअरला एक आकडा पुरेसा वाटेना. त्याचं चुकतही नव्हतं. त्यानं माद्रेंकडून गेल्या मोसमातले सगळे आकडे मागून घेतले. त्यांनी वाचून दाखवले, मधूनमधून कोण जिंकलं तेही सांगितलं. देल्मिरा आपल्या जुन्या वहीतून त्याच दिवसांच्या वेळा वाचत गेली.

"चौदा वळसे."

"एक तास त्रेचाळीस."

"बारा वळसे."

"एक तास अडतीस."

"सहा. त्या दिवशी अर्धा माल होता म्हणे. गुरुजी रागावले, कुणीच जिंकलं नाही."

"एक तास सव्वीस."

तो लिहीत गेला. लिहिता लिहिता त्याचा चेहरा बदलत गेला. शेवटी त्यानं पेन्सिल ठेवली. "सरळ अंतराची चौऱ्याहत्तर मिनिटं आणि प्रत्येक वळशाला दोन. कुठेही एका मिनिटापलीकडे फरक नाही. काय सुंदर जुळतंय." मग शनिवारचा हिशेब मांडला. "चौऱ्याहत्तर आणि सव्वीस, शंभर. झाली एकशे एक. एक मिनिट उरतं."

"ला पाझच्या पट्टीवर लामा चरत होते," कॅप्टन म्हणाला. "ते हटेपर्यंत थांबलो."

"एका मिनिटात चौदा फरे उतरवता येत नाहीत," देल्मिरा म्हणाली. "तेरा वळसे म्हणजे विमान जड होतं. म्हणजे डोंगर चढताना चाळीसच्या चाळीस फरे आत होते. सांता क्लाराला ते कधी उतरलंच नाही."

इंजिनिअर उठला, परवाना उचलून त्यानं कॅप्टनच्या हातात दिला आणि खाली मान घालून म्हणाला, "मी रेषा सरळ काढली, कॅप्टन. तुम्ही सरळ जाऊ शकत नाही, हे मला कागदावर दिसलं नाही. माफ करा."

"कागदावर डोंगर सपाटच असतो, साहेब," कॅप्टन म्हणाला आणि परवाना पाकिटात घालायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"पण फाउस्तो चौदा फऱ्यांचं करणार काय?" इंजिनिअर म्हणाला. "एका घरानं खाऊन ते संपणार नाहीत. विकायला नेले तर बाजारात लगेच कळेल."

"साहेब, ला पाझचे तुम्ही. या दिवसांत तिकडे कुणी कर्ण्याचा सराव का करतं?"

"मोहल्ल्यामोहल्ल्यात संतांचे उत्सव. बँड, नाच..." तो थांबला. "आणि ज्याला यजमान नेमतात तो सगळ्यांना जेवू घालतो."

देल्मिरानं आधीच ला पाझ लावलं होतं.

"डॉन फाउस्तो, अभिनंदन. यंदा मोहल्ल्याच्या उत्सवाचे यजमान तुम्हीच ना? ओव्हर."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" त्याचा आवाज फुलून आला. "हो, डोन्या देल्मिरा, मीच. बारा वर्षं वाट पाहिली. येत्या रविवारी. बँड माझ्याच अंगणात सराव करतोय, कान किटले. ओव्हर."

"चारशे माणसं तरी असतील. ओव्हर."

"पाचशे. त्याखाली आलो तर माझी बायको माहेरी जाईल. ओव्हर."

"आणि पाचशे माणसांना वाढणार काय, डॉन फाउस्तो? ओव्हर."

कर्णासुद्धा थांबला. मग फाउस्तो हळूच म्हणाला, "इंजिनिअर साहेब आहेत का तिथं?"

"आहेत."

"त्यांना सांगा, पुढच्या कार्निव्हालपर्यंत मी सगळं भरून देणार होतो."

"मला वैमानिकाचा परवाना काढून घ्यायला लावलात, फाउस्तो," इंजिनिअरनं मायक्रोफोन घेतला. "सत्तावन्न वर्षांचा माणूस. त्याला कुठून भरून देणार होतात?"

"नियम नवीन, साहेब नवीन," फाउस्तो म्हणाला. "मला वाटलं, थोडे दिवस चौकशी होईल आणि फाईल बंद होईल. कॅप्टनचं नाव मी घेतलं नव्हतं, देवाशपथ."

"नाव मी घेतलं होतं," इंजिनिअर म्हणाला.

फरे अंगणातल्या थंड खोलीत जसेच्या तसे टांगलेले सापडले. मालकांनी ते बाजारात पाठवले आणि फाउस्तोला मालाच्या ताब्यावरून काढून पोती उचलायला लावलं. उत्सवात पाचशे माणसांनी बटाट्याचं सूप प्यायलं. बँड मात्र उत्तम झाला, असं ऐकलं. बिशपांच्या कारकुनानं माद्रेंचं बोलणं शब्दशः लिहून वर पाठवलं होतं. तिकडून उलट चौकशी आली, पुढच्या शनिवारचा आकडा कुणाकडे सांगायचा.

६

पुढच्या शनिवारी सात वाजता कॅप्टन आर्दाया चाळीस फरे घेऊन उडाला. इंजिनिअरनं भिंतीवरचा तक्ता उतरवून नवा लावला होता. त्यात लोमा सेका ते ला पाझ दोन ओळी होत्या, एक रिकाम्या विमानाची आणि एक भरलेल्या. आणि बॅटरी वाचवायचा नियम त्यानं स्वतःच खोडला होता.

सात बावन्नला रेडिओ वाजला.

"लोमा सेका, आर्दाया बोलतोय. एल पालमारवर आलो. चढायला लागलो. ओव्हर."

"लिहिलं, कॅप्टन. ओव्हर."

एवढ्यावर ते बोलणं संपायला हवं होतं. बावीस वर्षं तिथंच संपत आलं होतं.

"डोन्या देल्मिरा," आवाज पुन्हा आला, घरी पोचलेल्या माणसाचा, निवांत. "साधारण सव्वीस मिनिटं आहेत माझ्याकडे. डोंगर तोच, ढग तेच. काही बोलाल का? काहीही. ओव्हर."

इंजिनिअर दारात उभा होता. त्यानं नकाशाकडे बघितलं, मग देल्मिराकडे, आणि टोपी घालून बाहेर पडला. जाताना दार ओढून घेतलं.

देल्मिरानं खुर्ची पुढे सरकवली. "काय बोलू?" ती म्हणाली. "जमिनीवर असता तेव्हा तर माझ्यासमोर तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही. ओव्हर."

"म्हणून तर वरून विचारतोय. ओव्हर."

त्या शनिवारच्या पानावर उडाल्याची वेळ आहे, एल पालमारवर पोचल्याची आहे आणि खिंड ओलांडल्याची. मधल्या वेळाबद्दल देल्मिरानं वहीत काहीही लिहिलेलं नाही, आणि ऑगस्टमध्ये एल पालमारच्या मठात त्यांचं लग्न लागलं तेव्हाही तिनं ते कुणाला सांगितलं नाही.